मेणाची आई

ताई दुपारी डबा घेऊन बागेत पोचली, तेव्हा मेणाच्या आईने मान खाली घातली होती. सकाळी ती समोर बघत होती.

शहरातल्या या मोठ्या बागेत दर उन्हाळ्यात महिनाभर उघड्यावर प्रदर्शन भरायचं. तिकीट नसल्यामुळे गर्दीला तोटा नसे. ताईच्या धाकट्या भावाला, घरात सगळे ज्याला ‘राजे’ म्हणून चिडवत त्याला, यंदा पहिल्यांदाच तिथे जागा मिळाली होती, तीही हिरवळीच्या मधोमध. स्टुलावर बसून मटार सोलणारी आई त्याने मेणात घडवली होती, आईएवढीच. मेण उन्हात टिकेल का हे बघायचं काम ताईचं. लिपस्टिक बनवणाऱ्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. काय कधी वितळतं यावरच तिचं पोट चालायचं. मेणाचा तुकडा तापवून बघून तिने बिनघोर होकार दिला होता.

तिने पुतळ्याच्या पाठीला हात लावला. बोटांचे ठसे उमटले.

“यात काय मिसळलंस?” तिने शेजारी उभ्या राजेला विचारलं.

“काही नाही. केसांना आणि पाठीला थोडा काळा रंग.”

“मला दिलेला तुकडा पांढरा होता.”

“रंगाने काय होतंय? रंग म्हणजे काय विस्तव आहे?”

“उन्हात जवळजवळ तेच. काळा रंग ऊन पिऊन घेतो.”

“मग हे आधी नाही का सांगायचं?”

“तू विचारायचंस.”

दोघांचंही खरं असल्यामुळे भांडण पुढे सरकेना. राजे गार पाण्याची बादली घेऊन धावला, तर ताईने त्याला अडवलं. एकदम गार केलं असतं तर मेणाला तडे गेले असते. शेवटी पुतळा झाकून आणलेली चादर दोघांनी चार कोपऱ्यांना धरून वर ताणली. लोक फोटो काढू लागले. हेही कलाकृतीतच येतं का, असं एका बाईंनी विचारलं.

“नाही, आम्ही नातेवाईक आहोत,” ताई म्हणाली.

तेवढ्यात प्रदर्शनाचे व्यवस्थापक आले. “हे पडणार नाही ना? इथे मुलं खेळतात. पडणारं असेल तर आजच गोदामात हलवायला लागेल.”

“ताईला विचारा, तिला त्यातलं कळतं,” राजे म्हणाला आणि तिच्याकडे असा बघत राहिला, की नाही म्हणणं तिच्या जिवावर आलं.

“आतलं मेण पांढरं आहे, ते अजून घट्ट आहे,” ती म्हणाली. “आज पडणार नाही. पण इथे उन्हात राहिली तर आठवडाभरात पडेल. सावलीत महिना काढेल.”

तिने केसाने गळा कापल्यासारखा राजेचा चेहरा झाला.

“सावलीतली जागा एकच रिकामी आहे,” व्यवस्थापक म्हणाले. “मागे, पिण्याच्या नळांपाशी. प्रदर्शनाच्या नकाशात मात्र ती नाही.”

“त्यापेक्षा गोदाम बरं,” राजे म्हणाला.

आई आली ती नेमकी याच वेळी. घरी राजेने तिला पुतळ्याजवळ फिरकूही दिलं नव्हतं. पुतळ्याभोवती एक फेरी मारून तिने चष्मा पुसला.

“मी एवढी वाकून बसते?”

“नाही गं. ते उन्हाने झालंय.”

“असू दे. मटार सोलताना समोर कोण बघतं? अळी हाताला लागायची.”

“आई, ती बघणाऱ्यांकडे बघत होती. तीच तर सगळी कल्पना होती.”

“बघणारे काय मला मटार सोलून देणार आहेत?”

राजेला हसू आलं नाही. मान आता परत वर होणार नाही का, असं त्याने ताईला हळूच विचारलं. ताईने नकारार्थी मान हलवली. मग तो चादरीची घडी घालत बसला. ती घडी काही नीट बसेना.

“गोदामाला खिडकी आहे का हो?” आईने व्यवस्थापकांना विचारलं.

“नाही.”

आईने राजेकडे बघितलं. तो उठला. “नळांपाशी न्या,” तो म्हणाला.

व्यवस्थापकांनी बोलावलेल्या तीन हमालांनी चौथऱ्यासकट पुतळा उचलला. चौथा कोपरा राजेने धरला. झाडाखाली पाण्यासाठी रांग होती. रांगेतले लोक बाटल्या हातात धरून बाजूला सरले आणि पुतळा टेकल्यावर पुन्हा त्याच्या दोन्ही बाजूंनी उभे राहिले. एका आजोबांनी वाकून, मेणाची आई काय सोलतेय ते बघितलं.

आईने वर फांद्यांकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“अजून थोडं आत घ्या,” ती हमालांना म्हणाली. “सकाळी मला इथे ऊन लागेल.”

राजेने पुन्हा कोपरा धरला.