पलीकडून दिसलेला किल्लेदार

त्या दिवशी किल्लेदार आपल्या झग्याला ठिगळ लावत बसले होते.

तसे ते कुठल्या किल्ल्याचे धनी नव्हते. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या दोन खोल्या आणि खिडकीतून दिसणारी समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी, एवढंच त्यांचं राज्य. पण एका जुन्या शोकांतिकेत किल्लेदाराचं काम करता करता त्यांचे केस पिकले होते, आणि वाण्यापासून पोस्टमनपर्यंत कुणी त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारत नसे.

नाटक असं, की राजा वेढ्यात सापडलेला आहे. प्राण गेला तरी दरवाजा उघडणार नाही, असं किल्लेदारानं त्याला वचन दिलेलं आहे. आत माणसं उपासमारीनं मरायला लागतात. शत्रू निरोप धाडतो, दरवाजा उघड, राजाखेरीज कुणाच्या केसालाही धक्का लावणार नाही. किल्लेदार दरवाजा उघडतो. शत्रू शब्द पाळत नाही. सगळ्यांची कत्तल होते, आणि फितुरीचं बक्षीस म्हणून एकट्या किल्लेदाराला जिवंत ठेवलं जातं.

लेक टेबलाशी पेपर तपासत होती. ती कॉलेजात साहित्य शिकवायची. वाचनात तिचा हात धरणारा सापडणं कठीण. आई गेल्यापासून घरात दोघंच, आणि या नाटकावरून दोघांची रोज जुंपायची.

"बाबा, तो क्षण तुम्ही चोरता."

"कुठला गं?"

"दरवाजा उघडण्याचा. अख्खं नाटक ज्याच्यासाठी लिहिलंय तो. आणि तुम्ही नेमके प्रेक्षकांकडे पाठ करून उभे! लोकांना चेहरा दिसायला नको?"

"मास्तरीणबाई, दरवाजा उघडायचा तर तोंड दरवाजाकडेच करावं लागतं. तू काय पाठमोरी उघडतेस?"

"नाटकात उघडतात."

"ते नट असतात." त्यांनी दातानं दोरा तोडला. "मी किल्लेदार आहे. चहा टाक."

तिनं चहा टाकला. साखर जास्त झाली म्हणून त्यांनी तोंड वाकडं केलं आणि कप रिकामा केला. संध्याकाळी ते शेजारच्यांचा रेडिओ उघडून बसले. स्वतःचा दुरुस्त करता येत नसताना दुसऱ्याचा उघडायची त्यांना फार हौस. आठवावं असं त्या दिवसात काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बुटाची नाडी बांधायला खुर्चीवर बसले, ते उठलेच नाहीत.

लेक चारचौघांत रडली नाही. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे. धीर कसला, आत सगळं गोठून गेलं होतं.

नाटक कंपनीनं त्यांच्या स्मरणार्थ प्रयोग लावला. मॅनेजर घरी येऊन म्हणाला, "प्रयोग संपला की तुम्ही दोन शब्द बोला, ताई. तुम्ही शिकल्यासवरलेल्या."

ती हो म्हणाली. वचन आणि इमान या विषयावर ती झोपेतही तासभर बोलली असती. बापाबद्दल मात्र जिभेवर शब्द येईना. एकच गोष्ट तिला आतून कुरतडत होती. हे नाटक तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. त्या क्षणी दिसणारी बापाची पाठ, झग्याखालून वर उचलले गेलेले खांदे, अडसरावर थबकलेला हात, सगळं तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. चेहरा तेवढा तिनं कधी पाहिला नव्हता, आणि आता तो कधीच दिसणार नव्हता.

प्रयोगाच्या दिवशी ती पहिल्या रांगेतली खुर्ची शोधत होती, तेवढ्यात पडद्याच्या कडेनं जाड्यानं हाक मारली. जाड्या म्हणजे शत्रूच्या फौजेतला सगळ्यात जुना शिपाई. फौज म्हणजे तरी काय, दरवाजामागे अंधारात मशाली धरून उभी राहणारी मूठभर माणसं, एकालाही वाक्य नाही.

"ताई, समोर बसू नका. आमच्यात या."

"अहो, मला नाटकात काम येत नाही."

"आम्हाला तरी कुठं येतं? दरवाजा उघडला की आत घुसायचं. शत्रूला याहून जास्त काही यावं लागत नाही." त्यानं तिच्या खांद्यावर घामट वासाचा एक काळा झगा टाकला. "आम्ही आत गेलो की तुम्ही अंधारातच थांबा. पण तोवर रांगेत."

"कशासाठी?"

"उभ्या तर राहा. प्राध्यापक मंडळींना सगळं आधीच सांगावं लागतं बुवा!"

किल्लेदाराचं काम आता उंट करणार होता. हा उंच, किडकिडीत माणूस कालपरवापर्यंत जाड्याच्या शेजारी मशाल धरून उभा असायचा. कंपनीची रीतच तशी होती. किल्लेदाराच्या कामाला माणूस नेहमी शत्रूच्या फौजेतूनच निवडायचे. ही रीत लेकीला ठाऊक होती, आणि पैसे वाचवायची युक्ती म्हणून ती तिला हसतही असे.

दरवाजामागे रंगाचा आणि रॉकेलचा वास दाटला होता. फळ्यांच्या फटीतून उजेडाच्या रेघा येत होत्या. पलीकडे राजाचं भाषण संपलं. पावलं वाजली. अडसर सरकला.

दरवाजा उघडला आणि उंटाचा चेहरा मशालींच्या उजेडात आला.

तो चेहरा रडत नव्हता. त्याच्यावर राग नव्हता, लाजही नव्हती. तो शोधत होता. रांगेतल्या पहिल्या शिपायाच्या डोळ्यांत त्यानं पाहिलं, थांबला, मग दुसऱ्याच्या, मग जाड्याच्या. तापलेलं पोर अनोळखी माणसाच्या हाती सोपवताना बाप बघतो, तसा. यांतला निदान एक तरी दिल्या शब्दाला जागेल का? आतली माणसं याच्या भरवशावर सोडू का? मग ते डोळे तिच्यापर्यंत आले. ती कोण हे उंटाला माहीत होतं, तरी पापणी हलली नाही. तिलाही त्यानं तेच विचारलं.

तिनं त्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. नाक उंटाचं, हनुवटी उंटाची. पण ते विचारणं बापाचं होतं, याच रांगेत उभं राहून रोज पाहिलेलं. इतकी वर्षं ते याच अंधारात, याच माणसांसमोर होत आलं होतं, आणि समोरची भरल्या खुर्च्यांची रांग ज्या पाठीला शिव्या घालत होती, तिच्या पुढच्या बाजूला हे चाललेलं होतं.

शिपाई आत निघाले. जाड्याचा पाय उंबऱ्यापाशी अडखळला. समोरून हुर्यो उठली, "फितूर! फितूर!" आणि ती अंधारात फळीला धरून उभी राहिली.

कत्तल आटोपून जाड्या परत आला, तेव्हा त्याला धाप लागली होती.

"बघितलंत?"

तिनं मान डोलावली.

"रोज असंच. त्यांनी तसं बघितलं की वाटायचं, आज नाही मारायचं कुणाला. पण जावं तर लागायचं. फितूर ते, पण आत जाताना मान आमची खाली." त्यानं कपाळ पुसलं. "एकदा मी विचारलं, किल्लेदार, हे एवढं करता कुणासाठी? इथं कोण बघतंय? तर म्हणाले, 'का? तुम्ही काय खुर्च्या आहात?'"

ती हसली, आणि हसता हसता तिनं झग्याच्या बाहीनं डोळे पुसले.

पडदा पुन्हा उघडला. मॅनेजरनं तिला पुढे आणलं. अंगावर अजून शत्रूचा झगा होता. तो काढायचं कुणाला सुचलं नाही. मनात जुळवून आणलेली इमानावरची वाक्यं तिनं शोधली. एकही जागेवर नव्हतं.

"मी..." ती म्हणाली. "आमच्या घरी मी त्यांच्या चुका काढायचे. त्यांना ते आवडायचं. मलाही. कारण दुसरं जे सांगायचं होतं, ते चहा पिता पिता कसं सांगणार? रात्री इथं त्यांना बघायचं आणि सकाळी तोच माणूस साखर जास्त झाली म्हणून कुरकुरतोय... मला त्यांचा धाक वाटायचा. रागाचा नव्हे. एवढा मोठा माणूस आपल्या घरात राहतो, याचा."

विंगेत जाड्या आणि उंट उभे होते. ती त्यांच्याकडे वळली, आणि मग त्यांच्याही मागच्या त्या उघड्या दरवाजाकडे.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "तुम्ही फार मोठे होतात. मला ते पहिल्यापासून ठाऊक होतं."