दाजींची कानतपासणी

सुपरवायझर हा त्यांचा सख्खा मेहुणा, बायकोचा भाऊ; तो दाजी म्हणे, म्हणून टाक्यांच्या त्या कारखान्यात सगळेच त्यांना दाजी म्हणत. बाहेरून पत्र्यावर घण पडायचा तेव्हा आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, हे दाजींचं काम. अंगाने काडी, त्यामुळे टाकीच्या भोकातून आत शिरणं त्यांनाच जमे. तरुणपणापासून ते टाकीच्या पोटात बसून दणके खात आले होते. कानात कापूस घातला की बाहेरचे खिदळत, "काय दाजी, कान टोचून घेतलेत का?"

आता क्रेनवरची जागा रिकामी झाली होती. वर काचेची शांत केबिन. खालून कोणी "थांब!" म्हणून ओरडलं तर ऐकू आलं पाहिजे, एवढीच अट. त्यासाठी कानांची तपासणी. मेहुणाच त्यांना दवाखान्यात घेऊन आला.

"शिट्टी ऐकू आली की बटण दाबायचं, काका," तपासणाऱ्या मुलीने सांगितलं आणि त्या छोट्या बंद खोलीचं दार लावलं.

सगळं गप्प झालं, आणि बारीक शिट्टी वाजू लागली. दाजींनी बटण दाबलं. पुन्हा दाबलं. पोरगी सोपंच विचारतेय की!

दार उघडलं. "काका, मी अजून काही सुरूच केलेलं नाही."

बाहेरून मेहुणा हसला. "अहो, जेवायला बोलावलं तरी आदल्या दिवशी हजर होणारा माणूस आहे हा!"

मुलगी मात्र हसली नाही. ती समजावू लागली. "कानाच्या आत अगदी बारीक केसांसारखे तंतू असतात. आवाज आला की ते हलतात आणि मेंदूला कळवतात. मोठ्या आवाजाने ते मोडतात, मग पुन्हा उगवत नाहीत. तिकडून काही येईनासं झालं की मेंदू आपणच आवाज काढत बसतो, असं समजतात. अधूनमधून क्षणभर कान कोणाचाही वाजतो नि थांबतो. तुमचा थांबतो का?"

"पूर्वी थांबायचा." दाजी म्हणाले. "मग बाई, तुमची शिट्टी कुठली नि माझी कुठली, हे ओळखायचं कसं?"

"माझी थांबते, काका."

दाजी पुन्हा डोळे मिटून बसले. थांबणारी शिट्टी येईल म्हणून वाट बघत राहिले. बटणावरचा अंगठा घामाने ओला झाला.

दार उघडलं. "झालं, काका."

"अहो, पण सुरू कधी केलंत?"

परतताना मेहुणा मायेने म्हणाला, "जाऊ द्या, दाजी. टाकीचं काम आहेच की. तिथे कान लागतात कुठे!"

दुसऱ्या दिवशी दाजी भोकातून आत शिरले आणि ठोकळा दाबून बसले. पहिला घण पडला. त्या दणक्यात कानातली शिट्टी बुडाली, आणि दाजींना बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं, याचीच त्यांना शिसारी आली.