शनिवार सोडून

एझ्राकाकांनी अर्ज लिहायचं काम अंबरीशवर सोपवलं, कारण गावातल्या बी.एस्सी. झालेल्या एकुलत्या एक मुलाचं अक्षरही बरं होतं. खाडीकाठच्या बेने इस्रायल ज्यूंच्या कबरस्तानाला वळसा घालून एक जुना खड्डा जात होता. तो गाळाने बुजला होता. जूनअखेरच्या उधाणाआधी उपसला नाही, तर पाणी कबरींवर चढणार, आणि काकांच्या बायकोची, दीनाकाकूंची कबर सगळ्यात खालच्या अंगाला. खड्डा गुरचरणात, म्हणून पंचायतीची परवानगी हवी. काकांचं इस्रायलचं तिकीट बावीस जूनचं होतं. मुलगी शीरा तिकडे वाट बघत होती. गावातलं बेने इस्रायलांचं हे शेवटचं घर.

रोह्याच्या कंपनीत रसायनं तपासणाऱ्या अंबरीशला मोघम लिहिणं जमत नसे. गावकरी खड्ड्याला खंदक म्हणत, म्हणून त्याने लिहिलं, ‘कबरस्तानाभोवतीचा प्राचीन संरक्षक खंदक’. खाली काकांनी सांगितलेली ओळ घातली : काम शनिवार सोडून कोणत्याही दिवशी होईल.

ग्रामसेवक दत्तात्रेय अर्ज वाचून खुर्चीत मागे टेकला.

“प्राचीन? संरक्षक? म्हणजे किल्ल्याचा भाग हाय की काय? मग वर कळवायला लागंल. उत्तर येईस्तवर कुणी कुदळ लावायची नाय.”

“उत्तर कधी येईल?”

“ते काय माझ्या हातात हाय?”

मे संपत आला होता. अंबरीश तोंड पाडून काकांकडे गेला. ते ट्रंकेत कपडे लावत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, रागावले नाहीत.

“खंदक म्हणजे नक्की काय रे? शब्द आला कुठून?”

हे अंबरीशने शोधून ठेवलेलं होतं. “फारसीत कंदन म्हणजे खणणं. त्यावरून अरबांनी खंदक केला, नि तो फिरत फिरत आपल्याकडे आला. आपलं खणणं नि त्यांचं कंदन एकाच मुळाचं मानतात.”

“म्हणजे खणलेलं. एवढंच?”

“मुळात एवढंच.”

“मग तुझ्या अर्जात दुश्मन कुठून शिरला?”

अंबरीशने अर्जाच्या प्रतीतल्या ‘संरक्षक’ शब्दाखाली रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी शिफ्टला सुट्टी टाकून तो टेप आणि गवंड्याकडची पाण्याची नळी घेऊन कबरस्तानात गेला. मापं घ्यायला रघू होता. पूर्वी दरवर्षी खड्डा तोच उपसायचा.

रुंदी साडेचार फूट. “हितून तर शेळीपण उडी मारंल,” रघू म्हणाला. गाळात सळई खुपसली, तर तीन हातांवर खालचा दगडी तळ लागला. नळीने पातळी धरली, तर शंभर फुटांत सहा इंच उतार, तोही सरळ खाडीकडे. टोकाला गवतात दगडी तोंड सापडलं. ओहोटीला उघडायची फळी बसवायच्या खाचाही होत्या.

“पाणी अडवायला नाही खणला,” अंबरीश म्हणाला. “पाणी घालवायला खणलाय.”

“ते मला इचारलं असतंस तर काल सांगितलं असतं,” रघू म्हणाला.

दुसऱ्या अर्जात प्राचीन नव्हतं, संरक्षक नव्हतं. ‘कबरस्तानातल्या पाण्याच्या निचऱ्यासाठीचा चर’, रुंदी, उतार, टोकाची पाणी सोडायची उघाडी आणि एक आकृती. दत्तात्रेयाने आकृती आडवी-उभी करून पाहिली आणि सही ठोकली.

“आता कसं डोक्यात शिरलं! पण शनिवारी का नाय?”

“आमच्यात शनिवारी कामाला हात लावत नाहीत,” सोबत आलेले काका म्हणाले.

चार दिवसांत रघू आणि त्याचा जोडीदार सखा यांनी गाळ काढला. शेवटची दोन घमेली काकांनी स्वतः उचलली, अंबरीशला हात लावू दिला नाही. मग धापा टाकत दीनाकाकूंच्या कबरीशेजारी बसले.

“याच अर्जाच्या पाच प्रती काढ. साल सोडून दे.”

“बिनतारखेचा अर्ज चालत नाही, काका.”

“तारीख तू घालशील. दर मे महिन्यात.”

अंबरीशने रात्रपाळीच्या आधी प्रती काढल्या. खालच्या शनिवारच्या ओळीशी त्याचा हात थांबला. पुढच्या वर्षी इथे शनिवार पाळणारं कुणीच असणार नव्हतं, आणि रघूला शनिवारच सोयीचा होता.

त्याने पाचही प्रतींवर ती ओळ जशीच्या तशी लिहिली.