बिननंबरची पांढरी गाडी

“पडला?” पेंटरांनी विचारलं.

“नाई,” मी म्हटलं आणि रिकामा चिमटा आवाज न करता चटईवर ठेवला.

“पडला. टक् झालं.”

तांदळाच्या कणीएवढा आरसा. गाडीच्या दाराबाहेर ड्रायव्हरच्या बाजूला लावायचा. अर्धा तास श्वास रोखून मी त्याला चंदेरी रंग दिला होता आणि लावायच्या ऐन वेळी तो चिमट्यातून उडाला.

“हलू नोको,” पेंटर म्हणाले. “पाय उचलू नोको. पदर झटकू नोको. झाडू तर आनूच नोको.”

“मंग पाहू कशी? उडत?”

“हातानं पाह्य. जमिनीले गाल लावून पाह्य. आडवं पाह्यलं का चमकते.”

पंचेचाळिशी ओलांडलेली अंगणवाडी सेविका, जिच्यासमोर गावातली सगळी शेंबडी पोरं हाताची घडी घालून बसतात, ती भर दुपारी स्वतःच्या घरात जमिनीला गाल लावून पडली होती. नेमकी तेव्हाच शेजारची गोकुळा विरजण मागायला दारात आली.

“काय हरवलं, इंदुबाई? डोरलं?”

“आरसा.”

“केवढा?”

मी करंगळीचं नख दाखवलं आणि त्याच्याही अर्ध्यावर दुसरं बोट ठेवलं. गोकुळाने माझ्याकडे पाहिलं, भिंतीला टेकून बसलेल्या पेंटरांकडे पाहिलं आणि विरजण न घेताच परत गेली. आरसा शेवटी माझ्या कोपराला चिकटलेला सापडला.

आमच्या घरात एकवीस गाड्या आहेत आणि बाजाराला मी पायी जाते. हे वाक्य मी चोवीस वर्षं, गाड्यांचा आकडा वाढवत, सगळ्या नातेवाइकांना ऐकवलं आहे, आणि दर वेळी लोक हसले आहेत. पेंटरसुद्धा. पेंटर म्हणजे माझा नवरा; नाव लटारू, पण नागभीडमध्ये त्यांना सगळे पेंटरच म्हणतात, म्हणून मीही म्हणते. एकेकाळी या भागातल्या ट्रॅक्टर, जीप, मोटारसायकल, सगळ्यांच्या नंबरप्लेटी त्यांच्या हातच्या होत्या. लग्नाआधी दोन वर्षं ते नागपूरला एका बोर्ड रंगवणाऱ्याकडे शिकायला होते. तिथे समोरच्या दुकानात त्यांनी तो पहिला डबा पाहिला. डब्यात गाडी नसते. प्लॅस्टिकच्या चौकटी असतात, आणि त्यांना झाडाला चिंचा लागाव्यात तसे शे-दीडशे तुकडे लागलेले असतात. ते कापायचे, घासायचे, जोडायचे, रंगवायचे. दोन-चार महिन्यांनी हाताच्या पंजावर मावेल अशी गाडी होते. खऱ्या गाडीत जे असतं ते सगळं तिच्यात असतं. फक्त ती कुठे जात नाही.

डब्याची किंमत मी कधी विचारली नाही आणि त्यांनीही सांगायची चूक केली नाही. कोणाला दारूचं असतं, कोणाला पत्त्यांचं. आमच्याकडे हे होतं. माणूस घरात असायचा, चटईवर असायचा, फक्त हाक मारली की ऐकू जायची नाही. आणि जवळ गेलं की एकच वाक्य: “हात नोको लावू, ओला आहे.” रंग वाळून आठ दिवस झाले असले तरी ओलाच.

एकविसांपैकी एका गाडीवरून आमचं भांडण झालं होतं. खरं तर भांडण झालं नाही, तेच वाईट. लग्नानंतरचा पहिला दसरा. मी मासे धरणाऱ्या ढिवराच्या घरची, आमच्याकडे त्या दिवशी जाळं, डोंगा, विळा, सगळ्याला हळदकुंकू लागतं. सासरी आले तर हत्यारं म्हणजे ब्रश, आणि वाहनं म्हणजे एक सायकल आणि फळीवरच्या या चार गाड्या. ते आंघोळीला गेले होते. मी भक्तिभावाने हळदकुंकू ओलं केलं आणि चारही गाड्यांना टिक्के लावले. तिघींचे निघाले. चौथी पांढरी होती, आदल्याच दिवशी पुरी झालेली, आणि टिक्का बॉनेटच्या मधोमध.

पेंटर आले, पाहिलं आणि काही बोलले नाहीत. आठ दिवस बोलले नाहीत. नव्या नवरीला आठ दिवस म्हणजे किती ते नव्या नवरीलाच ठाऊक. मी आईकडे निघून जायचं ठरवलं होतं, पिशवीसुद्धा भरली होती. नवव्या दिवशी ते म्हणाले, “चहा कर वो.” पांढरी गाडी फळीच्या मागच्या रांगेत गेली, आणि पुढच्या दसऱ्यापासून मी फळीकडे फिरकले नाही.

नंबरप्लेटींचं काम हळूहळू गेलं. आधी रेडियमची दुकानं आली, मग सरकारच्या नव्या ठशाच्या प्लेटी. पेंटर शाळेच्या भिंती रंगवायचे, दुकानांचे बोर्ड करायचे. मग एका किराणा दुकानाचा बोर्ड त्यांनी लिहिला आणि दुकानदार मला बाजारात बाजूला घेऊन म्हणाला, “ताई, ओळ वाकडी गेली, पण भाऊले सांगू नका.” मी त्याच आठवड्यात त्यांना नागपूरला नेलं. मुलगी मयुरी तिथे नर्सिंग करते, तीही सोबत आली. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. साखरेमुळे डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलं होतं. लेझर केलं, इंजेक्शनं झाली, पण गेलेली नजर परत येणार नव्हती. आता त्यांना उजेड कळतो, सावली कळते. समोर माणूस आहे हे कळतं, कोण आहे ते आवाजावरून.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी ब्रश धुतले. सगळे, एकेक, रॉकेलमध्ये आणि मग साबणाने. पुसून कापडात गुंडाळले. मग कपाटातून एक डबा काढून माझ्यासमोर ठेवला. तो डबा मयुरीच्या जन्माच्या वर्षीचा. वरचं प्लॅस्टिकसुद्धा फोडलेलं नाही. हात पुरता बसला की हा काढीन, असं ते दर वर्षी म्हणायचे.

“हा मयुरीले देजो. तिच्या दवाखान्यात कोनाचं लेकरू करत असन तर.”

एवढंच बोलले. आवाज अगदी साधा होता. मला तो साधा आवाज सहन झाला नाही. चोवीस वर्षं ज्या गाड्यांना मी नावं ठेवली त्यांच्यासाठी मला रडू येईल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मी नखाने डब्याचं प्लॅस्टिक फाडलं.

“काय करून राह्यली?”

“उघडून राह्यली. तुमी सांगा, मी करीन.”

“तुह्यानं होत नाई, इंदू.”

“बोटभर भोकाचं जाळं विनत होती मी सातव्या वर्षी. तुमाले धाग्याची गाठ तरी येते काय?”

मग हात पुढे करून त्यांनी डब्यातली एक चौकट चाचपली. बोटं एकेका तुकड्यावरून गेली. “हे दार,” म्हणाले. “हा डॅशबोर्ड. हे... हे मागचं बंपर.” तोंडावर बऱ्याच दिवसांनी हसू आलं. त्या क्षणी मी ठरवलं की काही झालं तरी दसऱ्याच्या आत ही गाडी उभी करायची.

तेव्हा ज्येष्ठ चालू होता. अंगणवाडीतून आले की जेवण, आणि मग चटई. मयुरीने डोक्याला बांधायचं भिंग पाठवलं. ते लावून मी पोस्टात चिठ्ठ्या निवडणाऱ्या बाबूसारखी दिसते, असं गोकुळा म्हणाली. पेंटर समोर बसून सांगायचे आणि मी करायचे. रोज भांडण व्हायचं. नवराबायकोच्या राहून गेलेल्या भांडणांची सगळी थकबाकी आम्ही त्या चार महिन्यांत वसूल केली.

“घासलं?”

“घासलं.”

ते नख फिरवायचे. “इथी अडकून राह्यलं.”

“मले तर काई दिसत नाई.”

“मलेही दिसत नाई. पन अडकते.”

पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा पाणी, पुन्हा नख. इंजिनातल्या वायरी डब्यात नव्हत्या. त्या मी भावाकडून आणलेल्या जाळ्याच्या नायलॉन दोऱ्याच्या केल्या, आणि त्या चाचपून पेंटर पहिल्यांदा म्हणाले, “जमलं.” मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासली.

रंग कोणता द्यायचा, हे त्यांनी माझ्यावर सोपवलं. डब्यावर गाडी लाल होती. मी म्हटलं, “पांढरा.”

“पांढरा लय कठीन. धुळीचा कन बी दिसते त्याच्यावर.”

“तुमाले पांढरं थोडं दिसते ना, काळं काई मागं ठेवलं तर?”



पांढरा कोणता, हे पाहायला मी फळीच्या मागच्या रांगेतली ती जुनी पांढरी गाडी काढली. चोवीस वर्षांनी हातात घेतली. धूळ पुसली तर बॉनेटच्या मधोमध टिक्का जसाच्या तसा. पिवळा, आणि आत कुंकवाचा लाल ठिपका. हळद एवढी वर्षं टिकत नाही. मी भिंग खाली ओढलं. टिक्क्यावरून वार्निशचा हात होता, काचेसारखा साफ, कडांपर्यंत नेलेला.

“अवो, हा टिक्का तुमी काऊन नाई काढला?”

“निंगाला नाई.”

खोटं बोलत होते. सडलेल्या ट्रॅक्टरचा रंग जुन्या नंबरासकट उतरवणारा माणूस तो. मी गाडी परत ठेवली, पुढच्या रांगेत.

नव्या गाडीच्या बॉनेटने माझा जीव काढला. पहिल्या हाताला केस चिकटला. दुसऱ्याला ओघळ आला. तिसऱ्या वेळी रंग छान बसला आणि वाळत असताना पाल वरून गेली, पाच बोटांच्या चिमुकल्या खुणा उमटवत. मी पालीला अंगणवाडीत न शोभणारी शिवी दिली आणि पुन्हा सगळं घासून काढलं. चौथ्या हाताला ते बॉनेट असं निघालं की त्यात मला माझं नाक दिसलं. मी त्यावर भांडं पालथं घातलं, भांड्यावर वजन ठेवलं आणि तीन दिवस त्या खोलीत गोकुळाला येऊ दिलं नाही.

“मी पाह्यू?” पेंटरांनी हात पुढे केला.

“हात नका लावू, ओला आहे,” मी म्हटलं.

ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

शेवटी राहिला नंबर. एकवीसही गाड्यांवर त्यांच्या हातचे नंबर आहेत, मुंगीच्या मिशीएवढी अक्षरं, सगळी एमएच चौतीस. हे मात्र मीच करीन, म्हणाले. ब्रश गुंडाळलेल्या कापडातून त्यांनी सगळ्यात बारीक ब्रश बोटांनी बरोबर शोधला. मी प्लेट त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली धरून दिली. पहिला ‘एम’ देखणा आला. मला वाटलं होतंच की हा हात विसरणार नाही. पण दुसरं अक्षर पहिल्यावर चढलं, तिसरं प्लेटच्या बाहेर माझ्या नखावर आलं, आणि चौथं चटईवर. ते लिहीतच होते.

ब्रशाखाली काहीतरी वेगळं लागलं असावं, ते थांबले. ब्रश खाली ठेवला.

“राहू दे,” म्हणाले. “गाडी नवी आहे. पासिंग व्हाची आहे अजून.”

मी प्लेट पुसली आणि कोरीच लावली.

दसऱ्याला सकाळीच बाहेर गावभर गाड्या धुण्याचं पाणी वाहत होतं. झेंडूच्या माळा घातलेले ट्रॅक्टर हॉर्न वाजवत फिरत होते. मी पाटावर सायकलची चावी, विळा, माझा अंगणवाडीचा वजनकाटा आणि पेंटरांचे ब्रश मांडले. पेंटर आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून पाटासमोर बसले.

“ते पांढरी आन,” म्हणाले. “नवी.”

मी आणली. खाली काळी पाटी ठेवली, म्हणजे त्यांना निदान पांढरेपणा दिसेल.

“टिक्का लाव.”

“कुठी?”

“बॉनेटवर. मधात. पयला लावला होता तिथीच.”

मला कळलं की ते चोवीस वर्षांपूर्वीचं काहीतरी परत करत होते. मी हळदीत पाणी घातलं, कुंकू घेतलं, बोट बुडवलं. बॉनेटच्या वर इंचभर नेलं. त्या बॉनेटमध्ये पिवळं बोट उलटं दिसत होतं. पहिला हात, केस. दुसरा, ओघळ. तिसरा, पाल. चार हात आणि अठरा दिवस. बोटावरचा थेंब ओघळायला लागला.

मी बोट मागे घेतलं आणि टिक्का पाटीच्या लाकडी चौकटीवर लावला.

“लावला?”

“लावला.”

“बरोबर मधात?”

“मधात.”

त्यांनी हात पुढे केला. मी घाईने म्हटलं, “हात नका लावू, ओला आहे.”

पण हात पोहोचला होता. तर्जनी बॉनेटवर टेकली, मधोमध, आणि सावकाश फिरली. कोरडं, गुळगुळीत, नखाला कुठेही न अडकणारं. पेंटर थांबले. बाहेर कोणाचा तरी ट्रॅक्टर हॉर्न वाजवत गेला.

“हो,” ते म्हणाले. “ओलाच आहे.”

आणि ते कोरडं बोट त्यांनी उचललं, अंगारा लावावा तसं कपाळाच्या मधोमध टेकवलं आणि हात जोडले. कपाळावर काहीच उमटलं नव्हतं. मी माझं पिवळं बोट पदराला पुसलं आणि त्यांच्याशेजारी बसून हात जोडले.