राजाचा सदरा

रक्ताचा डाग गरम पाण्यात टाकला की कायमचा बसतो. तो गार पाण्यात मीठ घालूनच काढावा लागतो. महालातल्या धोबिणीला हे तोंडपाठ होतं, कारण राजा माणसांचं रक्त पिऊन जगायचा आणि त्याच्या सदऱ्याची कॉलर रोज लाल व्हायची. तरी सगळे त्याच्यावर जीव टाकायचे. मेल्याच्या जिभेवर साखर होती ना! "मावशी, लेकीला पाठवा की आमच्याकडे कामाला," असं तो म्हणाला, तेव्हा हिनेच हौसेने तिची वेणीफणी करून तिला पाठवलं होतं.

आठवड्याभरात लेक गेली. त्या सकाळचा सदराही हिने नेहमीसारखा चोळून स्वच्छ धुतला. ते रक्त लेकीचं होतं, हे दुपारी कळलं.

आज राजा धुण्याच्या खोलीत डोकावला. "मावशी, लेक बरी आहे ना?" त्याने अगदी आपुलकीने हसून विचारलं. कुणाकुणाचं रक्त प्यालो, हे त्याच्या लक्षातही राहत नसे.

त्या हसण्यापुढे आजही तिचं काही चाललं नाही. "बरी आहे, महाराज," ती बोलून गेली.

तो गेल्यावर ती बराच वेळ गार पाण्यात हात बुडवून बसली. निदान तो एक सदरा तरी गरम पाण्यात टाकायला हवा होता.