नऊ नंबरची पाटी

सकाळपासून लोकांनी तपासनिसाचं डोकं खाल्लं होतं आणि चहा दोनदा गार झाला होता. त्यात फाटकावर हा ट्रक आला. लिथियम बॅटऱ्या उतरवून रिकामा झालेला, पण धोक्याची पाटी तशीच.

“काका, माल उतरला की पाटी काढायची. किती वेळा सांगू?”

“काढतो हो,” म्हातारा ड्रायव्हर म्हणाला. “पण ते काळे पट्टे आणि नऊचा आकडा दिसला की कुणी गाडी खेटून लावत नाही, काच ठोठावत नाही. रस्त्याकडेला तासभर डोळा लागतो.”

तपासनिसाने मागे वळून पाहिलं. त्याच्या खोलीच्या दाराशी आणखी चौघे कागद घेऊन उभे होते.

ड्रायव्हर पाटी काढून सीटखाली सरकवायला लागला, तसा तपासनिसाने हात पुढे केला.

“इकडे द्या. उद्या घेऊन जा. आज माझ्या दारावर राहू दे.”