काडी न हलवणारी उंदरीण

मित्रांनो, मी एक जुना तारेचा पिंजरा आहे. भंडाऱ्याच्या बाजारात मला विणलं आणि एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास गावाबाहेरच्या एका औषधांच्या प्रयोगशाळेत मी पोचलो. माझ्यात पांढरे उंदीर राहत. अंथरायला धानाची तणीस, म्हणजे वाळका पेंढा, असे.

दुखणं थांबवणारं औषध शोधायची तिथल्या टिकाराम सरांची रीत सोपी होती. उंदराच्या पायाला चीर द्यायची, औषध टोचायचं, मग शेपटीला लोखंडी चिमटा लावायचा. किंचाळला तर दुखतं, गप्प राहिला तर औषध लागू. कातडी फाटायची, रक्त माझ्या तारांवर उडायचं. कितीक जीव किंचाळत माझ्यातच थंड झाले.

एक उंदरीण मात्र गप्प राहिली. चिमटा हाडापर्यंत रुतला, तरी हूं नाही. सर खूश झाले. "औषध जमलं! उद्या याच औषधावर हिचं हाड कापून पाहू."

दुसऱ्या दिवशी झाडलोट करणारा धनीराम शेतातला रोवणा, म्हणजे धानाची लावणी, आटोपून कामावर आला आणि सवयीने शेजारच्या पिंजऱ्यांत उंदरांनी तणसाची केलेली घरटी काठीने मोडू लागला. सरांबरोबर काम करणाऱ्या चंद्रकांताबाईंनी काठी धरली.

"रोजच मोडता का हो? काहून?"

"अवो बाई, उंदराचं घर दिसलं का हात थांबतच नाही. बांधीचा धुरा पोखरून वावरातलं पानी सोडतेत, धान नेतेत, अन् तुमी त्यायले वाटीनं पानी पाजता!"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, धडधाकट उंदरांनी घरटी केली. हिनं काडीही हलवली नाही."

"आळशी असन. ब्लेड आना," सर म्हणाले.

"बिळातला जीव पुष्कळदा दुखलं तरी गप्प राहतो, सर. ओरडला तर मांजर येते. हिला आधी दुखणं थांबवणारं जुनं, खात्रीचं औषध देऊ. मग घरटं केलं, तर ती दुखण्यानंच थांबली होती, म्हणजे कालचं औषध खोटं."

सर ब्लेड धरूनच उभे राहिले. बाईंनी सुई टोचली. बऱ्याच वेळाने उंदरीण फाटका पाय ओढत सरकली. एक काडी तोंडात धरली. मग दुसरी.

सरांनी ब्लेड खाली ठेवलं.

जखम चिघळून ती दोन दिवसांनी गेली, पण आपल्या घरट्यात गेली. नंतर माझ्यात कुणाचं हाड कापलं गेलं नाही.

मित्रांनो, न रडणाऱ्याला दुखत नाही असं समजू नका. त्याचं रोजचं काम थांबलं का ते पाहा. आणि पाहण्याआधी ते मोडू नका.